मी मंडपवाल्याचा भोंगा, घसा जळालेला

हॅलो, हॅलो... मागच्यांना ऐकू येतंय का? कुठून येणार! माझं युनिट, म्हणजे आम्हा भोंग्यांचा घसा, जळून गेलंय. मी केदारखेड्याच्या रामप्रसाद मंडपवाल्याचा भोंगा बोलतोय. टेम्पोत, ताडपत्रीखाली, उलटा पडून. जरा कान लावा.

रामप्रसादनं मला जालन्याहून सायकलला बांधून आणलं तेव्हा मी असा चकाकायचो की नवरदेवानं माझ्यात बघून फेटा नीट करावा. शिक्षण म्हणाल तर शाळेत मी वर्षातून दोनदाच जायचो, पंधरा ऑगस्टला अन् सव्वीस जानेवारीला. तेही छपरावर. त्यामुळं 'बंधू आणि भगिनींनो' एवढंच पाठ. त्याच्या पुढचं पुढाऱ्यालाही येत नसायचं.

खोड्या मात्र भरपूर केल्या. पुढारी 'मी शब्द देतो' म्हणाला की मी 'कुंईंईं' करून शिट्टी मारायचो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामाचा सूर फाडायचो मी अन् बोलणी खायचा मामा. रामप्रसाद मला चापट मारायचा, "गप ना बेट्या!"

मग कपाटाएवढे डबे घेऊन डीजे आले अन् मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात चिमण्यांनी संसार थाटले.

दुकान आता सून शिवकन्या चालवते. का, ते सांगताना माझ्याच्यानं चेष्टा होत नाही. मागच्या वैशाखात ऐन लग्नात वावटळ आली अन् आमचा मंडप उचलला. तिचा नवरा हरिओम एकटाच खांबाला मिठी मारून उभा राहिला. तालुक्यातले सगळे मंडपवाले ज्या संघटनेत आहेत, तिच्या ग्रुपवर शिवकन्यानं निरोप टाकला, 'या रे कुणीतरी.' हात जोडलेल्या चित्रांचा ढीग आला. खांब धरायला एक हात आला नाही. लोखंडी पाईप हरिओमच्या कंबरेवर पडला. तो अजून खाटेवरून उठत नाही.

तेव्हापासून तिनं एकच धरलं. संघटनेत काम करायचं, अन् कुणाचाही मंडप पडला की धावून जाणारी माणसं उभी करायची. बैठकीत अध्यक्ष रामराव विचारायचे, "सक्रिय कार्यकर्ता कोण होतंय?" सगळे गडी आपापल्या चपला न्याहाळायचे. ही हात वर करायची.

"वैनी, तुम्ही स्वागताला राहा," रामराव म्हणायचे. "पाहुण्यायला गुच्छ द्या."

मागच्या आठवड्यात राजूरला संघटनेचा मेळावा होता. निघताना रामप्रसादनं मला, जुन्या अॅम्प्लिफायरला अन् माईकला टेम्पोत टाकलं. "मेळावा झाला की तसंच जालन्याला जाय पोरी, अन् हे भंगारात घाल." जालन्यात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या किती, मला ठाऊक आहे. माझ्या पोटातली उरलीसुरली काडीसुद्धा थरथरली.

पण मेळाव्याला बघतो तर काय, मंडपच नाही! एवढे मंडपवाले जमणार म्हणजे दुसरा कुणीतरी टाकीलच, असं प्रत्येकानं धरलं होतं. ना कनात, ना खुर्ची, ना माईक. जन्मभर लोकांना सावली देणारे सगळे उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून.

"तू आणायचा होता ना!"

"मी गाद्या आणणार होतो."

"मंग कुठंयत?"

"मंडपच न्हाई तर टाकू कुठं, तुमच्या टकलावर?"

मी भंगारात निघालो होतो, तरी हसू आवरेना. तेवढ्यात शिवकन्याचा फोन वाजला. संपत होता, आमच्यातलाच एक. पलीकडच्या वाडीत त्याचं लग्नाचं काम होतं म्हणून तो मेळाव्याला आला नव्हता.

"वैनी, हवा सुटली! मंडप उचलून राह्यलाय. मी अन् बायको, दोघंच खांबाला लटकलोत. जल्दी कुणाला तरी धाडा!"

शिवकन्या सगळ्यांकडं वळली. "अहो, ऐका!" ती ओरडली. भांडणात कोण ऐकतं? तिनं हातातले गुच्छ टाकले, टेम्पोकडं पळाली, बॅटरीला वायरी जोडल्या अन् मला टपावर चढवलं.

"बाबा, आज शिट्टी मारू नको. पाया पडते तुझ्या."

माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं कधी. मी घाबरलो. आतला पडदा विरलेला, आवाज निघतो की नाही याचीच खात्री नाही.

"संपतभाऊचा मंडप उडून राह्यलाय! माझ्या हरिओमच्या टायमाला तुम्ही नुसते हात जोडले. आज तेच हात घेऊन चला!"

'चला' म्हणताना माझ्यात ठिणगी उडाली. जळका वास आला. ती पुढंही काही बोलली, पण मी मुका झालो होतो.

भांडण थांबलं. हललं मात्र कुणी नाही. मला वाटलं, गेलो, अन् फुकट गेलो. मग रामरावांनी डोक्यावरचा रुमाल कंबरेला बांधला अन् ते टेम्पोत चढले, मला टपावरून खाली ओढून पायानं बाजूला सारून. त्यांच्या मागं सगळे.

कापड फाटलं, पण संपत अन् त्याची बायको वाचली. रामराव घामाघूम होऊन विचारत होते, "शिवकन्याबाई, ही दोरी कुठं बांधू?"

"आधी धरून राहा. हलू नका बिलकुल."

अशी झाली ती कार्यकर्ती. टाळ्या नाहीत, गुच्छ नाही.

अन् मी? रामप्रसाद म्हणतो, "जळालं ते जळालं, उद्या भंगारवाला येतोय." शिवकन्या म्हणते, "मामा, युनिट भेटू द्या. वारं आल्यावर फोन कोण बघतं? हाक लागते." तिनं जालना पालथं घातलं, भोकरदन पालथं घातलं. माझ्या मापाचं जुनं युनिट मिळेना. शेवटी काल संघटनेच्या ग्रुपवर विचारलं, 'कुणाच्या माळ्यावर पडलंय का?'

हात जोडलेल्या चित्रांचा ढीग आला.

वैशाख सरला नाही अजून. दुपारपासून माझ्यावरची ताडपत्री फडफडतेय. बाबांनो, एकदा शिडी लावा अन् आपापला माळा बघा. उद्या सकाळी भंगारवाला यायच्या आत बघा.