खिडकी न दाखवणारा कागद

शाईचा थेंब साध्या कागदावर पडला की तो जागच्या जागी राहत नाही. कागदाच्या तंतूंना धरून तो बाजूला सरकतो आणि त्याच्या कडेला बारीक मिशा फुटतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. फोटोतला चेहरा जरा पुसट वाटतो, एवढेच. फोटोच्या कागदावर मात्र एक पातळ लेप असतो. तो थेंबाला पडल्या जागी पिऊन टाकतो, हलू देत नाही.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. थेंब टाकणे हाच माझा जन्मभराचा धंदा, म्हणून हे मला ठाऊक.

एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे रूळ बसवले. माझ्या शाई सोडणाऱ्या तोंडाला केसाहून बारीक छिद्रे आहेत. शेवटच्या टेबलावरच्या तपासनिसाने माझ्याकडून रंगांचे पट्टे छापून घेतले, ते भिंगाखाली धरले आणि नुसती मान हलवली. तेवढे कौतुक मला बरीच वर्षे पुरले.

मी आलो तो एका विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या घरी. घरात त्यांची आई होती आणि वरच्या मजल्यावर थोरला भाऊ. बाईंना मी लेक म्हणतो, कारण घरातली सगळी हालचाल आईभोवतीच होती. लेकीने माझ्याकडून प्रश्नपत्रिका छापल्या, पाकळ्यांच्या आकृत्या छापल्या. मग सगळे फोनवरच दिसू लागले. माझ्या पाठीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत येऊन बसली आणि आतली शाई वाळून गेली. मित्रांनो, घरात प्रिंटर असेल तर आठवड्यातून एखादे रंगीत पान छापत जा. आम्ही वापराने झिजतो त्याहून जास्त नुसते बसून बिघडतो.

आई रफू करायची. फाटलेल्या कापडात नवा धागा एकदा वरून, एकदा खालून असा विणायची, की मालकालाही फाटके सापडू नये. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. सुई केव्हाच सुटली होती. आता चहाचा कपही ती चाचपून उचलायची. डॉक्टरांनी सांगितले होते, ऑपरेशन करून घ्या, फार थांबू नका. आईची उत्तरे मात्र तयार असायची.

"थंडी सरू दे."

"थंडी सरली, आई."

"मग आता उकडतंय. उकाड्यात कशाला डोळ्याला पट्टी?"

"तुझ्यासाठी तेराव्या महिन्याचं कॅलेंडर छापून आणतो मी," दादा म्हणायचा.

हसण्यावारी न्यायची ती. भीती वाटते असे मात्र कधी म्हणाली नाही.

लेक वाद घालणारी नव्हती. तिने आईने रफू केलेले जुने कपडे कपाटातून काढले आणि जवळून त्यांचे फोटो घेतले. आईला तिचेच काम मोठे करून दाखवले तर तेवढे तरी दिसेल, असा तिचा विचार होता. फोन पुढे केला तर आई म्हणाली, "काचेत काय बघायचं? कागदावर दे." म्हणून माझ्या पाठीवरचे कपडे उतरले. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने लेकीने माझे तोंड पुसले, नवी शाई घातली. अगदी धीराने. मला तपासनिसाची आठवण झाली.

मग कागदाचा शोध सुरू झाला. असे कितीतरी कपडे होते, म्हणून कागद परवडणारा हवा, आणि तरी धागा न् धागा दिसायला हवा. दुकानातून तिने सुटे नमुने आणले. एक जाड, महागाचा, आरशासारखा. एक मध्यम किमतीचा चकचकीत. आणि एक मुले प्रकल्पाला वापरतात तो स्वस्त मॅट, बिनचकाकीचा. तिन्हींवर एकच फोटो छापला. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून उन्हात ठेवला, रंग किती उडतो ते पाहायला. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडला. भिंग लावले.

"एवढी चौकशी तू नोकरी धरताना केली नव्हतीस," दादा म्हणाला.

"नोकरी आईला दाखवायची नव्हती," लेक म्हणाली.

मॅट कागद तिने पहिल्यांदा उलटा घातला. लेप खाली गेला आणि वर शाईची थारोळी झाली. ती स्वतःशीच हसली. ओले बोट कोपऱ्याला लावून पाहिले. चिकटते ती लेपाची बाजू. इतके शिकलेले माणूस माझ्यासमोर उभे राहून पुन्हा शिकत होते, आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

शेवटी तिने मध्यम किमतीचा चकचकीत कागद निवडला. त्यावर काळा रंग छान गडद उतरत होता आणि त्याच्यात व महागड्यात डावे-उजवे करता येत नव्हते. मी जीव ओतून छापले. लेकीच्या वडिलांच्या करड्या कोटाचे आईने रफू केलेले कोपर, पानभर.

आई खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली होती. तिने फोटो मांडीवर धरला, तिरका केला, सरळ केला.

"छान आहे," ती म्हणाली.

"काय दिसतंय?"

"खरं सांगू? मला यात खिडकीच दिसते."

लेकीने खिडकीकडे पाहिले. ऊन, पाणी, भिंग, सगळी परीक्षा झाली होती. बघणारीचे डोळे आणि तिची खुर्ची तेवढी राहून गेली होती. चकचकीत कागद खिडकीचा उजेड सरळ डोळ्यांत फेकतो, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यात तो धुक्यासारखा पसरतो. मॅट कागद उजेड चहूकडे विखरून टाकतो. लेकीने स्वस्त कागदाचे पान घेतले, लेपाची बाजू तपासली, संगणकावर कागदाचा प्रकार बदलला. मी पुन्हा छापले. काळा रंग जरा फिका उतरला.

आईने पान डोळ्यांजवळ नेले. धाग्यांच्या मागोमाग बोट नेले.

"ही माझी लोकर," ती म्हणाली. "आणि हा धागा वरून जायला हवा होता. खालून गेलाय."

"इतकं मोठं केल्यावर काहीही दिसेल, आई," शेजारी उभा असलेला दादा म्हणाला. "कोटावर कुणाला कळलंय आजवर?"

"कोट आण."

दादाने कोट आणून दिला. आई खिडकीशी गेली. बाही उजेडात धरली, कोपरावरून बोट फिरवले. मग दुसऱ्या बाहीवरून. पुन्हा पहिलीवरून.

"सापडत नाही," ती म्हणाली.

"एवढं सफाईदार काम आहे तुझं," दादा म्हणाला.

"काम सफाईदार आहे म्हणून नाही रे. मला दिसत नाही म्हणून."

आईने कोटाची घडी घातली, लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली,

"डॉक्टरांना सांग, आधी उजवा डोळा करू."