रेइनोला लागलं होतं

जेवायला बसलेला रेइनो ताडकन उठला, खुर्ची मागे ढकलून दाराबाहेर गेला आणि उघड्या डोक्याने बर्फात उभा राहिला. झालं होतं एवढंच, की सूप वाढताना आयलाच्या हातातला डाव पातेल्याच्या कडेवर आपटला होता.

आयलाने त्याला हाक मारली नाही. मागे एकदा मारली होती, तेव्हा त्याने कॉफीची काचेची किटली भिंतीवर फेकली होती. तिने आपली वाटी उचलली, अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि तिथल्या गारठ्यात एकटीच जेवली. हल्ली ती बऱ्याचदा तिथेच जेवत असे. तिथे चमचा वाजला तरी कुणाला त्रास होत नव्हता.

हाच रेइनो तुर्पेइनेन उभ्या आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवून बोलला नव्हता. गावच्या शाळेची टॅक्सी तो चालवायचा. तळ्याकाठच्या दूरदूरच्या घरांतून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत न्यायची. बोलणं कमी, इतकं कमी की पोरं म्हणायची, रेइनोपेक्षा त्याच्या गाडीचा इंडिकेटर जास्त बोलतो. पण मागच्या सीटवर कुणी रडत असलं, तर आरशातून एकदा बघून तो असं काही हळू आवाजात बोलायचा की रडणं थांबायचं. आयला त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सकाळी गाडी आली की खिडकीतून ती त्याच्याकडे बघायची आणि तो दोन बोटं टोपीला लावायचा. त्यांचा संसार असाच चालला होता, फारसा गाजावाजा न करता.

ऑक्टोबरमध्ये पोरांना सोडून तो रिकाम्या गाडीने परतत होता. जंगलातून एक एल्क रस्त्यावर आला, घोड्याहून उंच असं सांबरच म्हणा. गाडी त्याला धडकून खड्ड्यात गेली. मागून ट्रॅक्टरवर येणाऱ्या शेजाऱ्याला, ओस्मोला, रेइनो रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला सापडला. कानाजवळ थोडं रक्त होतं, बाकी सगळं धड दिसत होतं. रेइनो म्हणाला, मला काही झालेलं नाही. ओस्मोने त्याला घरी आणून सोडलं. पोलिसांनी शिकारी मंडळाला कळवलं, त्यांची माणसं आली, एल्कला उलटंपालटं करून नीट तपासलं आणि घेऊन गेली. त्या जनावराची जेवढी तपासणी झाली, तेवढी रेइनोची झाली नाही. दुसऱ्या दिवशी मान आखडली म्हणून तो दवाखान्यात गेला. मान दुखते, एवढंच तिथे सांगितलं. त्यांनी मानेचा फोटो काढला, गोळ्या दिल्या. नशीब बलवत्तर, असं सगळे म्हणाले. एल्कपेक्षा रेइनोचं डोकं टणक निघालं, असा विनोद दुकानात कितीतरी दिवस चालला होता.

मग हिवाळा आला आणि घरात दुसराच माणूस राहायला आल्यासारखं झालं. रेइनो भर दुपारी पडदे ओढून झोपू लागला. रेडिओ नको, टीव्ही नको, पाहुणे नकोत. टॅक्सी पुन्हा सुरू केली होती, पण एका सकाळी तळ्याच्या फाट्यावर गाडी थांबवून तो नुसताच बसून राहिला. पुढचं घर कुठलं, तेच त्याला आठवेना. मागे पोरं हसायला लागली तशी तो त्यांच्यावर असा ओरडला की एका मुलीच्या आईने शाळेत तक्रार केली. गुडघे दुखतात असं सांगून त्याने काम सोडलं. घरात मात्र गुडघ्यांबद्दल तो कधी बोलला नाही. तो कशाबद्दलच बोलत नसे. किटली फेकली त्या संध्याकाळी तुकडे त्यानेच गोळा केले, आणि करताना रडत होता. आयलाला त्या रडण्याची जास्त भीती वाटली.

तिला वाटलं, आपण नकोशा झालोय. इतकी वर्षं चांगुलपणा धरून ठेवला असेल, आता सुटला. योएनसूला तिची बहीण इर्या एकटी राहत होती, एक खोली रिकामी होती. आयलाने तिला कळवून टाकलं, ईस्टरनंतर येते.

गावात ही गोष्ट तिने सगळ्यांत आधी सांगितली ती मार्केत्ताला. मार्केत्ता शाळेची नर्स. दर गुरुवारी यायची, पोरांचं जेवण उरकलं की स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सूप प्यायची.

"ईस्टरनंतर मी नसणार इथे," आयला भांडी पुसत म्हणाली. "बहिणीकडे चाललेय. कायमची."

मार्केत्ताने का, असं विचारलं नाही. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून असं चाललंय?"

"हिवाळाभर. ऑक्टोबरपासून म्हण."

"ऑक्टोबरमध्ये काय झालं होतं?"

आयला एल्कबद्दल सांगू लागली आणि अर्ध्यातच थांबली. हातातलं फडकं तसंच राहिलं. इतक्या महिन्यांत तिने या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

मार्केत्ताच्या खटपटीने मार्चअखेर योएनसूच्या मोठ्या इस्पितळातली वेळ मिळाली. जायला रेइनो सहज तयार झाला, त्याचंच आयलाला नवल वाटलं. गाडी तीच चालवत होती. आदल्या दिवशी तिने ओस्मोला गाठून त्या दिवसाचं सगळं पुन्हा विचारून घेतलं होतं. ओस्मोला एक गोष्ट आठवली. काय झालं, असं त्याने विचारल्यावर रेइनोने एल्क आला असं नीट सांगितलं होतं. मग ट्रॅक्टरवर बसल्यावर थोड्या वेळाने त्यानेच ओस्मोला विचारलं होतं, काय झालं रे? ओस्मोला वाटलं होतं, गडी थट्टा करतोय.

डॉक्टर सोइनी मध्यम वयाच्या, सर्दीने बेजार झालेल्या बाई होत्या. त्यांनी रेइनोला वेगळ्या खोलीत बसवून दिवसाचा बराच वेळ तपासलं. शब्द सांगून परत विचारले, आकृत्या जुळवायला लावल्या, मधे मधे विश्रांती दिली. मग आयलाला आत बोलावलं. तिने ओस्मोचं सांगणं सांगितलं, तशी त्यांनी मान डोलावली.

"मेंदूला मार बसलाय यांच्या," त्या म्हणाल्या. "कवटी फुटली नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी एकदम थांबली, पण आतला मेंदू थांबला नाही, तो हिंदकळला. अशी इजा बाहेरून दिसत नाही. कधी कधी फोटोतही धड दिसत नाही."

मग त्या सावकाश समजावत राहिल्या. निरोगी माणसाच्या कानावर हजार आवाज पडतात, पण मेंदू नको ते बाजूला सारतो आणि हवं तेवढंच आत घेतो. रेइनोच्या मेंदूला ते आता जमत नव्हतं. डाव, घड्याळ, फ्रिज, वारा, बायकोचं बोलणं, सगळं एकदम आणि सारख्याच जोराने आत शिरत होतं. त्यात तो दमायचा, आणि दमला की राग आवरणारा लगाम हातातून सुटायचा. आयलाला सगळे शब्द कळले नाहीत, पण ही गोष्ट कळली. चाळणीलाच भोक पडलं, तर कोंडाही पिठात येणारच.

"बरा होईल?" तिने विचारलं.

"काही सुधारेल, काही राहील. जे राहील त्याच्याबरोबर कसं जगायचं, ते शिकवणारी माणसं आमच्याकडे आहेत. पण एक सांगते, हा स्वभाव नाही. ही दुखापत आहे."

बाहेर येऊन दोघं गाडीपाशी उभी राहिली. आयलाला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. हिवाळाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला वाटत होतं. चांगली बातमी अशी काही नव्हतीच. तरी हायसं वाटत होतं.

रेइनो गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, "मला वाटलं, मी माणूस म्हणूनच बिघडलो."

आयलाने किल्ली काढून दार उघडलं.

"तू इर्याकडे जाणार होतीस. माहितेय मला. जा म्हणणार होतो. मला जमलं असतं, तर मीसुद्धा माझ्याबरोबर राहिलो नसतो."

"गाडीत बस," आयला म्हणाली. "गारठा आहे."

घरी परतताना दुपार कलत होती. बर्फ वितळून रस्त्यावर रेंदा झाला होता. गाव जवळ येण्याआधी एका वळणावर त्यांना एक छोटी गाडी चरात कलंडलेली दिसली. चाकं अजून फिरत होती. एक तरुण बाई दार ढकलून बाहेर आली होती आणि स्वतःच्या पायांवर उभी होती.

"पुढे नेऊन थांबव," रेइनो म्हणाला. "दिवे लाव. मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेव, मग फोन कर."

आयलाने तसं केलं. त्रिकोण रस्त्यावर मांडून तिने मदतीचा नंबर, एकशे बारा, लावला. तोवर रेइनो त्या बाईजवळ पोचला होता. तिचं नाव हिल्ला. गोठ्यागोठ्यांत जाऊन गाईंना कृत्रिम रेतन करायचं तिचं काम होतं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ती सांगत होती की मला काही झालेलं नाही, सुओमेलांच्या गोठ्यावर जायचंय, गाय माजावर आलीय, गाय थांबणार नाही.

"बरोबर आहे," रेइनो म्हणाला. "आधी इथे बस."

त्याने आपला कोट जमिनीवर पसरून तिला बसवलं, तिच्या मागे गुडघे टेकले आणि दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं धरलं, हलू नये इतपतच घट्ट. आयलाने गाडीतली घोंगडी आणून तिच्या अंगावर टाकली. फोनवरची बाई सांगत होती तेच त्याने आधीच केलं होतं.

"मला सुओमेलांकडे जायचंय," हिल्ला म्हणाली. "गाय थांबणार नाही."

तेवढ्यात एक व्हॅन येऊन थांबली. त्यातला गृहस्थ उतरला, भला माणूस होता. त्याने हिल्लाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाही हिला. कशाला त्या अँब्युलन्सची वाट बघता? तासभर यायची नाही. मी सोडतो घरी."

"मला चालेल," हिल्ला उठू पाहत म्हणाली. "सुओमेलांकडेच सोडा. गाय थांबणार नाही."

रेइनोच्या कपाळावरची शीर फुगलेली आयलाला दिसली. व्हॅनचं इंजिन धडधडत होतं, फोनमधून आवाज येत होता, चरातल्या गाडीचा भोंगाही मधूनच वाजत होता. तिला वाटलं, आता हा ओरडणार. ती एक पाऊल पुढेही सरकली.

"इंजिन बंद करा," रेइनो हळूच म्हणाला. "गाईचं तिने तिसऱ्यांदा सांगितलंय. सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नाहीये."

"घाबरली असेल."

"असेल. मलाही असंच एकाने घरी सोडलं होतं."

गृहस्थाने त्याच्याकडे पाहिलं, जाऊन इंजिन बंद केलं आणि न सांगता वळणाच्या पलीकडे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभा राहिला. रेइनो बोलत राहिला. आज वार कोणता, विचारत राहिला. त्या गाईचं नाव काय, ती तांबडी की काळी. हा तोच टॅक्सीतला आवाज होता. तो कुठे नाहीसा झालेला नव्हता, हे आयलाला तिथे, रस्त्यावर उभं असताना कळलं. पुढे हिल्लाची उत्तरं जड होऊ लागली. तिला उलटी झाली, तेव्हा डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवून त्या दोघांनी तिला कुशीवर वळवलं. आयलाने ते फोनवर सांगितलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत रेइनोचे हात तिच्या डोक्यावरून हलले नाहीत.

अँब्युलन्स गेली तसा तो गाडीला टेकून मटकन खाली बसला. त्याने कान झाकून घेतले. घरी येऊन झोपला, तो दुसरा अख्खा दिवस झोपूनच होता. आयलाने त्याला उठवलं नाही, पण या वेळी तिला त्याचा राग आला नाही. दाराशी येऊन ती मधून मधून त्याचा श्वास ऐकून जायची.

दोन दिवसांनी हिल्लाच्या आईचा फोन आला. डोक्यात रक्तस्राव होता. त्याच संध्याकाळी कुओपिओला नेऊन शस्त्रक्रिया केली. घरी जाऊन झोपली असती तर, असं म्हणून बाई थांबल्या. मग म्हणाल्या, आज सकाळी जागी झाली. नीट बोलते. पहिलं काय विचारलं असेल, तर ती गाय.

आयलाचा जीव भांड्यात पडला. तिने रेइनोला सांगितलं, तेव्हा कित्येक महिन्यांनी तो हसला, अगदी थोडंसं. त्याच संध्याकाळी तिने इर्याला फोन करून कळवलं, की मी येत नाही. इर्याने कारण विचारलं. आयला म्हणाली, रेइनोला लागलंय.

पुढे रेइनो आठवड्यातून एकदा योएनसूला जाऊ लागला. घरातला कधी कुठला आवाज झेपेल, कधी पडदे ओढायचे, राग येतोय हे आधी कसं ओळखायचं, हे दोघंही शिकली. सगळं जमलं असं नाही. टॅक्सी मात्र परत मिळणार नाही, हे सोइनीबाईंनी स्पष्ट सांगितलं. ती आता दुसरा माणूस चालवू लागला.

मेच्या शेवटी शाळेचा निरोपसमारंभ होता. रेइनोला बोलावणं आलं. सभागृहातला गोंगाट त्याला सोसणार नव्हता, म्हणून तो धुतलेला शर्ट घालून बाहेरच, बर्चच्या झाडाखाली उभा राहिला. आत गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग शाळेच्या बाईंनी काय सांगितलं होतं कोण जाणे, त्याच्या गाडीतून येणारी पोरं एकेकटी बाहेर येऊ लागली. न धावता, न बोलता. एक जायचं, मग दुसरं यायचं. प्रत्येक जण हात पुढे करायचा आणि रेइनो टोपी काढून हातात घ्यायचा.

आयला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. सगळ्यांत शेवटी एक लहानशी मुलगी आली. रेइनो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग खाली वाकून त्याने तिला तिचं नाव विचारलं. तीन वर्षं रोज तिला घरातून घेऊन येणारा माणूस नाव विचारतोय, याचं त्या मुलीला काहीच वाटलं नाही. तिने नाव सांगितलं. रेइनोने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं, आणि तिचा हात हातात घेतला.