तळजाईच्या चढावरचा हँडब्रेक

मी एक जुना हँडब्रेक आहे. येरवड्यात राहणाऱ्या सीतारामकाकांच्या दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये माझी जागा आहे. गाडी उभी केली की काका माझा दांडा वर ओढत, तार ताणली जाई आणि मी मागची चाकं धरून ठेवी. मित्रांनो, लोक गाडीच्या रंगाचं, चाकांचं कौतुक करत. माझ्याकडे कुणी बघत नसे.

वर्षं सरली. माझी तार सैल झाली आणि संधिवातानं काकांची बोटं आखडली. एका रविवारी तळजाईच्या टेकडीच्या चढावर त्यांनी गाडी उभी केली, मला ओढलं आणि ब्रेकवरचा पाय काढला. मी जीव तोडून चाकं धरली, पण गाडी मागं सरकू लागली.

"अवो काका, माझे पाय हायेत हितं!" मागं रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या पेरूवाल्या मुक्ताई ओरडल्या.

काकांनी घाईनं ब्रेक दाबला. मुक्ताईंची पाटी चाकाखाली चिरडली. त्या थोडक्यात वाचल्या.

घरी आल्यावर काकांनी घडलेलं सांगितलं आणि किल्ली आपल्या मुलीपुढे, आम्रपालीपुढे ठेवली. ती ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे.

"पप्पा, हा हँडब्रेक काढून बटणाचा ब्रेक बसवू," ती म्हणाली.

"बटण नको. हातानं ओढल्याशिवाय मला गाडी थांबल्यासारखी वाटत नाही."

"आणि तुमची बोटं? तुमच्या हौसेपायी कुणाचे पाय गेले तर?"

काकांनी आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "विकून टाक."

आम्रपालीनं गाडी विकली नाही. तिनं नवी तार टाकली, माझा दांडा लांब करून वर जाड मूठ बसवली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना मला एकच धास्ती होती, हा सांधा टिकेल का? रिकाम्या उतारावर चाचणी घेतली, तर गाडी पुन्हा वीतभर सरकली! काकांचा चेहरा उतरला. आम्रपालीनं गाडीखाली शिरून तारेचा नट आवळला.

"आता ओढा."

काकांनी ओढलं, भीतभीत पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.

परवा आम्ही तळजाईला गेलो. गाडी दिसताच मुक्ताईंनी पाटी उचलली आणि रस्त्यापलीकडे नेली.

"ब्रेक नीट करून घेतलाय, बाई," काका म्हणाले.

"आसंल. मी हितंच बरी."

मी चाकं गच्च धरून राहिलो. त्या मात्र परत आल्या नाहीत.

मित्रांनो, घरच्यांना सांगा, गाडी पुसता तसं आम्हा हँडब्रेकनाही अधूनमधून ओढून बघा. तार सैल वाटली तर लगेच दुरुस्त करा. गाडीच्या मागं कोण बसलंय, ते आम्हाला दिसत नाही.