डावीकडचा टॉम

क्लेमेंटने फ्लोअर टॉम दोन्ही हातांनी उचलला आणि परत उजवीकडे आणून ठेवला. ही तिसरी वेळ. तीन लोखंडी पायांवर उभा राहणारा तो रांजणाएवढा ढोल हिलरी मास्तरांच्या पडवीत सकाळपासून इतका फिरला होता, की लग्नाची वरातही तेवढी फिरत नाही.

"मामा, तिकडे जागा नाय," रॉबर्ट म्हणाला. "खडू बघा ना."

खडूचा चौकोन मास्तरांनी आखला होता. येत्या परवा गास गावात लग्न होतं. तिथे बँडसाठी फळ्यांची माची बांधली होती आणि तिचं माप मास्तर स्वतः सुंभाने घेऊन आले होते. माचीच्या उजव्या अंगाला विहिरीचा कठडा. तिकडे एक टॉम जेमतेम मावत होता. दुसरा ठेवला तर वाजवताना कोपर विहिरीवर, आणि अंगात आलं तर क्लेमेंटही विहिरीत.

अडचण अशी, की ह्या नव्या ड्रमसेटला टॉम दोन होते. सेट रॉबर्टने आणला होता. क्लेमेंटचा हा भाचा जहाजावरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवी आणि सुट्टीवर आला की आपल्या नंदाखाल गावाला सुधारून जाई. दुसरा टॉम डावीकडे, हाय-हॅटच्या झांजांशेजारी ठेवावा, असं त्याचं म्हणणं.

"डावीकडे?" कोणी चर्चची घंटा काढून गोठ्यात बांधावी, तसा क्लेमेंटचा चेहरा झाला. "अरे, तीस वर्षं वाजवतोय मी. नवरी डावीकडे, मोठा ढोल उजवीकडे. ह्यात बदल नाय."

"नवरी डावीकडे ठेवून तुझं काय भलं झालं?" मास्तरांनी ट्रम्पेट पुसत विचारलं.

"झालं ना! दोन वर्षं झाली, लिडिया एक शब्द वाकडा बोलली नाय."

ही गोष्ट तो गावभर सांगत असे. पंचवीस वर्षं अखंड बोलणारी बायको एकाएकी निवली. जेवायला डाव्या हाताला बसते, नुसते ओठ हलतात. रोझरी म्हणते बिचारी. काम असलं तर समोर येऊन मोठ्याने, मोजकं सांगते. चर्चच्या गेल्या सणाला, फेस्ताला, त्याने ह्याबद्दल आभाराची मेणबत्ती लावली होती. कमरेएवढी.

मास्तरांनी रॉबर्टकडे बघितलं, रॉबर्टने खडूकडे.

"परवा उजवीकडे विहीर आहे," शेवटी मास्तर म्हणाले. "रॉबर्ट, ठेव डावीकडे. आणि क्लेमेंट, तू बस."

मास्तरांच्या शाळेत गेलेला माणूस पन्नाशीतही 'बस' म्हटलं की बसतो. क्लेमेंट बसला. वाजवताना डोळे मिटायची त्याची जुनी सवय. डोळे मिटून त्याने डाव्या टॉमवर एक सणसणीत काठी ठेवून दिली.

आवाज उजवीकडून आला.

त्याने डोळे उघडले. उजवा टॉम गुमान उभा होता.

"कोणी मारला तो?"

"कुठला?"

"उजवा!"

"उजवा कोणीच नाय मारला. तुम्ही डावा मारला, मामा."

क्लेमेंटने पुन्हा मारला. मग पुन्हा. मार हा खात होता आणि रडत तो होता. त्याने उठून दोन्ही टॉमची अदलाबदल केली, स्क्रू पिळले, खाली वाकून पाय तपासले. बसला. मारला. उजवीकडून, जरा लांबून, कोणी शेजारच्या वाडीत धान्याची कणगी बडवावी तसा आवाज आला.

दोन वर्षांत त्याने हाय-हॅटच्या झांजा दोनदा बदलल्या होत्या. बद्द वाजतात म्हणून. दोन्ही वेळा विकणाऱ्याचा उद्धार केला होता.

त्याने कान खाजवल्यासारखं केलं आणि उजव्या कानात बोट घातलं. घट्ट.

केळीच्या वाडीतला पाण्याचा पंप बंद पडला. माडावरचे कावळे गप्प झाले. समोर रॉबर्टचे ओठ हलत होते, पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं. बोट काढलं, पंप सुरू झाला. पुन्हा घातलं, बंद. मांडीवरची काठी घरंगळली आणि फरशीवर पडून दोनदा उसळली. ती कापसाची असावी, तशी.

त्याने बोट काढलं.

"काय झालं रे?" मास्तर विचारत होते.

"काय नाय. मुंगी शिरली होती." त्याने काठी उचलली. "राहू दे डावीकडेच."

'सांगत होतो ना मी!' हे वाक्य रॉबर्ट आयुष्यात कधी चुकवत नसे. आज चुकवलं. मास्तर ट्रम्पेटच्या तोंडात असं बघत राहिले, जसं काही त्यात कोणी राहायला आलं होतं.

घरी येताना क्लेमेंट वाटेच्या कडेने चालला. एका कानाचा ड्रमर कोण ठेवतो? परवाचं लग्न निभेल. पुढची? डाव्या बाजूने एक सायकल त्याला घासून गेली, तिच्यावरचा माणूस मागे वळून हातवारे करत होता. घंटी त्याने नक्की वाजवली असणार.

दिवेलागणीनंतर लिडियाने पानं वाढली. भिंतीला लावलेल्या टेबलापाशी तीन खुर्च्या ओळीने होत्या. मधली तिची, उजवीकडची त्याची, डावीकडची पाहुण्यांची. क्लेमेंट पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला.

लिडिया वाकून त्याच्या तोंडासमोर आली. "तिकडे का?" मोठ्याने, मोजकं.

"त्या खुर्चीचा पाय हलतो."

तिने त्याचं ताट सरकवलं, कालवणातला मोठा बोंबील त्याच्या भातावर घातला आणि आपल्या जागी बसली. आता ती त्याच्या उजव्या हाताला होती. सवयीने तिचे ओठ हलू लागले.

"जेव, जेव. आज पण सांगितलं असशील गावाला, बायको निवली म्हणून. एका कानाचा बहाद्दर!"

क्लेमेंटचा घास हातात राहिला. लग्न झाल्यापासून ती त्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणत आली होती.

"देवा, एक गेला तो गेला," तिने त्याच सुरात पुढे चालू ठेवलं. "दुसरा ठेव. वाजवणं गेलं तर हा माणूस जगायचा नाही. आणि मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नको. आमेन. भात निवला."

शब्द घासून गुळगुळीत झालेले होते. रोज म्हटल्याशिवाय तसे होत नाहीत.

क्लेमेंटने हातातला घास तोंडात टाकला. मग ताट उचलून उठला, तिच्या मागून वळसा घेऊन आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसला. डावी बाजू तिच्याकडे करून.

"आता काय झालं?" तिने पुढे वाकून, मोठ्याने विचारलं.

"त्या खुर्चीचाही हलतो."

"सगळ्यांचेच हलतात आज," ती म्हणाली.

तो खाली मान घालून जेवू लागला. थोड्या वेळाने डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते. त्याने घास अगदी सावकाश चावला, म्हणजे तिच्या प्रार्थनेच्या मध्ये यायला नको.