बाळ उबदार ठेवलं आहे का?

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सोलापूर तव्यासारखं तापलेलं. अशा भर दुपारी आरोग्य खात्याची आशाताई गोदावरी सोजरबाईच्या पत्र्याच्या खोलीत शिरली, तर आत शेगडी पेटलेली. बाजेखाली निखारे, खिडकीत कोंबलेलं पोतं, दाराला गोधडी. भिंतीपलीकडं यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर खडाक-खडाक. आणि बाजेवर, कानाला फडकं घट्ट बांधून बसलेली सोजरबाईची लेक रेश्मा. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. आज एकविसावा दिवस.

गोदावरीनं बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं. तीन किलो दोनशे. झकास! मग फॉर्मवर खुणा सुरू. दूध पितं का? होय. नाळ कोरडी आहे का? होय. बाळ उबदार ठेवलं आहे का? होय.

"ताई," रेश्मा म्हणाली. इतक्या भेटींत पहिल्यांदाच तिनं आपणहून तोंड उघडलं. "बाळ कुणाला देता येतं का?"

"आं?"

"ज्यास्नी होत न्हाय त्यास्नी. ह्ये चांगलं हाय. लई रडत बी न्हाय."

सोजरबाई फिदीफिदी हसली. "ऐका! लाडानं डोस्कं फिरलंय. आमी धाव्या दिवशी भाकऱ्या बडवल्या. हिला आयते डिंकाचे लाडू मिळतेत म्हणून हे सुचतंय."

गोदावरीही हसली. झाकून ठेवण्यात अर्थ नाही, तीही हसली.

पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पाय अडले. तिनं फॉर्म पुन्हा उघडला. बाळासाठी पानंच्या पानं, आईसाठी तळाशी चार ओळी. जेवते का, अंगावरून जास्त जातं का, ताप आहे का, असंबद्ध बडबडते का. रेश्मा बडबडत नव्हती. ती बोलतच नव्हती. तिच्यासाठी खूण करायला जागाच नव्हती. सरकारला बाळ दिसतं. ज्या पोटातून ते आलं, ते पोट एकदा रिकामं झालं की कुणाच्या कामाचं नाही.

गोदावरी नववी शिकलेली, पण खोड अशी की एखादा प्रश्न डोक्यात शिरला की अन्न गोड लागायचं नाही. आठवडाभर तिनं एक उद्योग केला. प्रत्येक बाळंतिणीकडं वजन झालं की सासूला पाणी आणायला पिटाळायचं आणि हळूच विचारायचं, "तुला झोप लागती का गं? बाळाकडं बघून काय वाटतं?"

पहिल्या दोघी म्हणाल्या, छान वाटतं. तिसरी रडायलाच लागली.

नव्या अपार्टमेंटमधली वैदेही तर शिकलेली, शाळेत शिक्षिका. घरात एसी, धुणंभांड्याला बाई. गोदावरीला वाटलं, हिला काय धाड भरलीय? वैदेही दार लोटून म्हणाली, "ताई, मुलगी झाल्यापासून सासूबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. हे पुण्याला. दिवसभर मी आणि ही. ही रडते तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, आवाज येऊ नये म्हणून. मला वाटायचं, मी एकटीच अशी नालायक."

अकरा घरं फिरून झाली. त्यांतल्या तिघी अशा.

गोदावरी तडक आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टरबाई तरुण, बोलायला सरळ.

"मॅडम, बाळंतपणानंतर बाई अशी विझून जाते, हे किती जणींना होतं?"

"आपल्या देशात पाचातल्या साधारण एकीला. कुठे कमी, कुठे जास्त."

"पाचात एक? एवढ्या जणींना गोवर आला असता तर तुमी गल्लोगल्ली रिक्षा फिरवली असती की, भोंगा लावून!"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "फिरवली असती," म्हणाल्या.

"आणि होतं कशानं?"

"एकच कारण नसतं. अंगातले बदल, आधीचा आजार, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून टोमणे, एकटेपणा, झोपेचे वांधे. उकाडा, गोंगाट, कोंदट खोली यांचाही हात असावा असं काही अभ्यासांत दिसतंय, अजून शोध चालू आहे. तुमच्या त्या रेश्माची खोली कशी आहे?"

गोदावरीनं सांगितलं.

"एप्रिलमध्ये शेगडी? कुणी सांगितली?"

कुणी म्हणजे? गोदावरीनंच. ट्रेनिंगला तोंडपाठ केलेलं 'बाळ उबदार ठेवा' हे वाक्य तिनं जानेवारीत सांगितलं, तेच एप्रिलमध्ये सांगितलं. सोजरबाईनं शेगडी दाखवली तेव्हा गोदावरीच म्हणाली होती, "मावशी, तुमच्यासारखी आई सगळ्यांना मिळू दे!"

"खोली उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तेवढ्यानं भागणार नाही. तिला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सोजरबाईनं दारातच हात आडवा धरला. "दवाखाना? डोक्याचा? रविवारी बारशाला करमाळ्याची हिच्या सासरची सोयरी येत्यात. त्यांच्या कानावर गेलं तर पोरगी जलमभर हितंच पडून राहील. येडी म्हणून टाकतील, कळतंय का तुमाला?"

तिचं चूक नव्हतं. टाकतात. असल्या घरांतून धडधाकट बायका टाकून देतात, इथं तर येडी म्हणून पाटीच लावल्यासारखं झालं असतं.

"बरं, दवाखाना राहू दे," गोदावरी म्हणाली. "चूक माझी हाय, उबेचं मीच सांगितलं. आता दोघी आत बसू. तासभर. दार लावून."

"आणि काय करायचं?"

"काय न्हाय. रेश्मा करती तेच."

दोघी बसल्या. निखाऱ्यांची धग बुडातून वर चढायला लागली. पत्रा वरून ओकत होता. पलीकडच्या मागाची खडाक-खडाक दातांत वाजत होती. रेश्मा दोघींकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडं नवल होतं, या दोघींनी हे काय मांडलंय म्हणून.

वीस मिनिटांत सोजरबाई उठली. "मला गुदमरतंय."

"बसा की. हिचे अठ्ठावीस दिवस झाले."

सोजरबाईनं गोधडी ओढून खाली पाडली, खिडकीतलं पोतं उपसलं आणि शेगडी पदरानं धरून अंगणात नेऊन पालथी केली. मग आत येऊन म्हणाली, "आता झालं न्हवं? आता ती बरी हुईल."

गोदावरी रेश्माजवळ सरकली. जे विचारायला तिची जीभ आठवडाभर कचरत होती, तेच विचारलं. "रेश्मा, मरावंसं वाटतं का गं?"

"काय इचारताय, बया!" सोजरबाई ओरडली.

"रोज," रेश्मा म्हणाली. सहज. साखर किती घालू विचारल्यावर सांगावं तसं. "सकाळी जास्त. माझ्यावाचून बाळाचं बरं चालंल."

पलीकडं माग चालूच होते. सोजरबाईनं पायात चपला सरकवल्या आणि गोदावरीला म्हणाली, "रिक्षा बोलवा."

गोदावरीनं डॉक्टरबाईंना फोन करून येतोय म्हणून कळवलं. रिक्षा आली. बाळ सोजरबाईच्या मांडीवर, रेश्मा मधे, कडेला गोदावरी. रिक्षानं वळण घेतलं तेवढ्यात सोजरबाईचा मोबाईल वाजला. जावई, ऋतुराज.

"सांगू नगं," सोजरबाई कुजबुजली. "लस द्यायला चाललोय म्हण."

रेश्मानं फोन घेतला. "आमी दवाखान्यात चाललोय."

तिकडून आवाज चढला, तिघींना ऐकू आला. "का? काय झालं बाळाला?"

"बाळाला काय न्हाय. बाळ ठणठणीत हाय," रेश्मा म्हणाली. कानाचं फडकं तिनं सोडलं. "मला झालंय."