फरशी डागाळू नये म्हणून

मी एक जुना ट्रक बोलतोय. बोलायची मला हौस नाही. तुम्हीच मागे लागलात म्हणून सांगतो, पण मध्येच हळहळू नका. त्यानं माझं इंजिन काही नवं होत नाही.

मला कुणी प्रेमानं वगैरे घडवलं नाही. पत्रे ठोकले, नटबोल्ट आवळले, रंग फासला नि फाटकाबाहेर ढकललं. पहिल्या मालकानं पिळून घेतलं. उरलंसुरलं पिळायला दुसऱ्यानं, म्हणजे शेठनं, घेतलं. माझ्याबरोबर माझा ड्रायव्हरही त्याच्याकडे आला, लंबू. केबिनमध्ये मान वाकवून बसायचा. चढावर शिव्या घालायचा, उतारावर डॅशबोर्ड थोपटायचा. एवढाच आमचा संसार.

इंजिन म्हातारं झालं की त्याच्या पोटात वाफ साठते. ती बाहेर पडायला एक नळी असते. माझ्या नळीतून वाफेबरोबर ऑइलही ठिबकायचं. शेठनं दारात नवी गुळगुळीत फरशी घातली नि मी ती डागाळली. एका सकाळी शेठ स्वतः खाली वाकला, नळीत चिंधी कोंबली, काडीनं आत ठासली आणि हात धुऊन चहा प्यायला गेला. कुणाला बोलला नाही.

झालं. माझा दम आतल्या आत कोंडला. वाफ ऑइलला ढकलत मिळेल त्या फटीतून बाहेर काढू लागली. मिस्त्रीनं खालचं पॅकिंग बदललं, गळती तशीच. मागचं सील बदललं, तरी तशीच. मग म्हणाला, ड्रायव्हर गाडी रगडतोय. स्वतःची हार कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवी ना.

शेठनं लंबूला सगळ्या हमालांसमोर उभं केलं. "डोळे गेलेच होते, आता हातपण गेले तुझे. उद्यापासून येऊ नकोस." "या वयात मला दुसरं कोण गाडी देणार?" म्हणून लंबू गयावया करत होता. शेठ दात कोरत होता. हमाल हसत होते.

नवा ड्रायव्हर आला, गळती गेली नाही. तेव्हा कुठं मिस्त्रीला अक्कल सुचली. मला डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं, अंगभर पावडर मारली नि इंजिन चालू केलं, ऑइल कुठून फुटतं ते दिसावं म्हणून. ते सगळीकडूनच फुटलं. त्यानं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर भसकन वारा तोंडावर आला. मग नळी चाचपली नि पकडीनं चिंधी ओढून काढली.

"ही कुणी कोंबली, शेठ?"

"मीच. फरशी खराब होत होती."

"मग लंबूला परत बोलवा की."

"बोलावलं तर डोक्यावर बसेल. राहू दे तिकडंच, गोदामावर पोती उचलत."

नळी मोकळी झाली, फटींतली गळती थांबली. मी आता ठणठणीत आहे. लंबूला कुणी काही सांगितलं नाही. तो गोदामावर हमाली करतो, माझ्याच पाठीवरची पोती उतरवतो. पहिल्या दिवशी समोर येऊन माझ्या काचेवर थुंकला. "माझ्या पोटावर पाय दिलास, मेल्या," म्हणाला.

शेठकडून मला काही नको. माफी कशाशी खातात, हे त्याला ठाऊक नाही. मिस्त्रीही तसलाच. पण माझा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा एकच माणूस होता, आणि त्यानंही मलाच चोर ठरवलं. त्याच्यावर काय गुदरलं ते मी पाहिलंय, तरी सोडणार नाही. माझी माफी मागायची राहिलीय ती लंबूनं.