झुनिल्दाबाईंच्या दारावरची फळी

"झुनिल्दाबाईंची खाणावळ कुठे आहे हो?"

निबाल्दो शिडीवर उभा राहून चांभाराच्या पाटीवर बुटाची टाच रंगवत होता. त्याने खाली पाहिलं. पायऱ्यांवर एक तरुण जोडपं धापा टाकत उभं होतं. बोलण्याचा हेल राजधानीतला, हातात मासिक.

"कोण झुनिल्दाबाई?" निबाल्दो म्हणाला.

"यात लिहिलंय ना. याच टेकडीवर."

"बघू." तो खाली उतरला, हात पुसले आणि मासिक घेतलं.

'वालपराइसोचे कलावंत आणि त्यांच्या आवडत्या जागा.' पहिल्याच पानावर निबाल्दोचा फोटो होता, ब्रश हातात धरून. त्याने सांगितलेली जागा म्हणजे बंदरावरचा सज्जा, जिथे शाळेच्या सहलीसुद्धा जातात. इथवर ठीक होतं. शेवटच्या पानावर मात्र छापलं होतं : 'सोमवारी झुनिल्दाबाईंकडे शेवया घातलेला घेवडा खा. खिडकीजवळच्या टेबलाशी बसा. पावाचा शेवटचा तुकडा ताटात टाकू नका, बाईंना राग येतो.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'टेकडीवरच्या एका कलावंताची निवड. नाव छापू नये अशी विनंती.'

निबाल्दोने मासिक मिटलं.

"चुकीचं छापलंय," तो म्हणाला. "इथे खाणावळ-बिणावळ काही नाही. खाली बंदरावर जा, ताजे मासे मिळतील."

बिचारी दोघं मासिक त्याच्याच हातात सोडून आल्या वाटेने उतरली. निबाल्दो परत शिडीवर चढला, पण टाच काही नीट उतरेना. पाणी कुठे मुरतंय हे त्याला तेव्हाच हुडकून काढायचं होतं.

खरं म्हणजे हुडकायला माणसं तरी किती? दोनच. पूर्वी या टेकडीवर 'खेकडा' नावाचा गुत्ता होता. निबाल्दो, मातीची भांडी घडवणारी इस्मेनिया आणि अकॉर्डियन वाजवणारा रोसामेल, तिघांचा अड्डा तिथे. एकदा कुणीतरी वर्तमानपत्रवाल्यापाशी त्याचं कौतुक केलं. आधी गर्दी आली, मग गर्दीमागून पैसेवाला आला, आणि म्हातारा मालक बहिणीच्या गावी गेला तो गेलाच. आता तिथे हॉटेल आहे. निबाल्दोने रंगवलेला खेकडा तेवढा शोभेला भिंतीवर टांगून ठेवलाय. त्यानंतर झुनिल्दाबाईंच्या टेबलावर हात ठेवून तिघांनी शपथ घेतली, की पेपरवाले आले तर जी जागा आधीच नासली आहे तिचंच नाव सांगायचं. या दाराचं नाव मेलं तरी घ्यायचं नाही. दारावर पाटीसुद्धा नव्हती. बाईंनी पाटीबद्दल पूर्वी एक-दोनदा विचारलं होतं, तेव्हा निबाल्दोने 'बघू, बघू' म्हणत टाळलं होतं.

तो तसाच रंगाच्या हातांनी इस्मेनियाकडे गेला. ती चाकावर बसली होती. मासिक तिने कोपरानेच बाजूला सारलं.

"वाचलंय मी. माझ्यावर संशय असेल तर तोंडावर बोल."

"तुझ्यावर नाही गं."

"मग माझ्याकडे कशाला आलास आधी?" तिने चाक थांबवलं. "हे बघ, मी चहाडी करत नाही. पण ती मासिकवाली पोरगी रोसामेलबरोबर कॉफी पीत होती, चौकात. चांगली तासभर. त्याचे दात बाहेर, तिचे दात बाहेर."

झालं. संशयाचं भूत निबाल्दोच्या मानगुटीवर बसलं. रोसामेलच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत, नावाने हाक कधी मारलीच नाही. पण रोसामेल हल्ली त्याच हॉटेलात, खेकड्याखाली बसून, प्रवाशांपुढे वाजवायचा. पायांत नवे बूट होते. पूर्वी निबाल्दोला त्या बुटांचं कौतुक वाटलं होतं, आता तेच डोळ्यांत खुपायला लागले.

पुढे आठवडाभर टेकडीच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसं येत राहिली. निबाल्दोने त्याच पायऱ्यांवर कामं काढली आणि जो वर येईल त्याला गोड बोलून बंदरावर धाडला. झुनिल्दाबाईंकडे मात्र तो रोजच्यासारखा जात होता. तिथे रोसामेल पाव मोडी, चहात साखर ढवळी, आणि निबाल्दो त्याच्या बोटांकडे बघत बसे. सरळ विचारायचा धीर होत नव्हता.

सोमवारी ते फुटलंच. तिघं खिडकीजवळ बसले होते. झुनिल्दाबाई घेवडा वाढत होत्या. रोसामेल सहज म्हणाला, "काय कोंपाद्रे, आज गप्प?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याशी काय बोलायचं?"

"म्हणजे?"

"त्या पोरीने कॉफी पाजली का तू तिला पाजलीस? आणि हॉटेलवाल्याने काय कबूल केलं? त्यांना म्हणे वरचीही घरं हवी आहेत."

रोसामेलने चमचा खाली ठेवला. "तिने मला आवडती जागा विचारली. मी घड्याळाचा चौक सांगितला, ठरल्याप्रमाणे. बाकीचा वेळ मी लेकीचे फोटो दाखवत होतो. तुझ्या धर्मलेकीचे."

"चोराच्या मनात चांदणं."

"पुरे," झुनिल्दाबाई म्हणाल्या. पळी हातातच होती. "त्याला बोलू नकोस, बाळा. मी सांगितलं ते."

तिघांना काही उमजेना.

"ती पोरगी तुझं दुकान शोधत आली होती, फोटो काढायला. चढून दमली, पाणी मागितलं. मी जेवू घातलं. तिने विचारलं, तुम्हीपण कलावंत का? मी म्हटलं, हो. मग तिने आवडती जागा विचारली. मी म्हटलं, हीच. पण माझं नाव छापू नकोस, आपणच आपलं कौतुक केलेलं बरं दिसत नाही."

"पण बाई, आम्ही तर..." इस्मेनिया म्हणाली.

"तुम्ही काय? दर वर्षी असं काहीतरी छापून येतं. भाची मला वाचून दाखवते. मी म्हणायची, यंदा तरी इथलं नाव आहे का बघ गं. कधीच नाही." बाईंचा आवाज चढला नाही. "आणि बाळा, तू तर इथे बसून, माझा पाव तोंडात कोंबून, फोनवर त्या लोकांना सांगायचास सज्ज्याचं नाव. वर या दोघांकडे बघून डोळा मारायचास. मी चुलीपाशी असायची, मला दिसायचं. मी समजायची, यांना लाज वाटते. दिवसा मोठ्या माणसांत ऊठबस, आणि जेवतात कुठे तर या पत्र्याच्या खोलीत."

"लाज नाही हो," निबाल्दो म्हणाला. "तुम्हाला जपत होतो. खेकड्याचं झालं तसं होऊ नये म्हणून."

"मला विचारलंस कधी?"

त्याने हातातला पाव मोडला.

"तिघांवर चूल चालत नाही रे. या हिवाळ्यात बंदच करणार होते. मग ते छापून आलं. आठवडाभर रोज मोठं पातेलं चढवतेय. पण कोण येतंय? छापलं तरी माणसं येत नाहीत म्हणजे बघ." त्यांनी अॅप्रनच्या टोकाने कपाळ पुसलं, आणि पळी पातेल्यात सोडली.

निबाल्दोने ताट बाजूला सारलं. "माणसं येत होती," तो म्हणाला. "रोज येत होती. मीच परत पाठवली."

रोसामेलने पावाचा शेवटचा तुकडा संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निबाल्दो रंगांचे डबे घेऊन झुनिल्दाबाईंच्या दाराशी आला. दारावर एक लांब पांढरी फळी होती. इतकी वर्षं तो तिच्याखालून ये-जा करत होता, पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून ठोकली असेल असं त्याला वाटायचं. आता जवळून हात फिरवला तर फळी गुळगुळीत, थरावर थर चढलेली.

"सप्टेंबरच्या सणाला सगळे घरं रंगवतात ना," खालून बाई म्हणाल्या, "तेव्हा ती फळीपण मी दर वर्षी रंगवते. म्हटलं, तुला कधी सवड झाली तर तयार असावी."

निबाल्दोने डबा उघडला. वारा होता, शिडी हलत होती. मग ती हलायची थांबली. त्याने खाली पाहिलं, तर रोसामेलने दोन्ही हातांनी शिडी धरली होती. तो वर बघत नव्हता, आणि 'कोंपाद्रे' म्हणाला नाही.

पायऱ्यांवरून तिघं-चौघं वर येत होती, हातात मासिक घेऊन. त्यांनी विचारायच्या आधीच निबाल्दोने ब्रशने दार दाखवलं. ती आत गेली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसली.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"माझं नाव. दुसरं काय?"

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्याने फळीच्या मधोमध 'झुनिल्दा' लिहिलं, मोठ्या लाल अक्षरांत. मग ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच थांबला. रंग ठिबकून त्याच्या बुटावर पडला. या बाईंच्या हातचं खाता खाता त्याचे केस पांढरे झाले होते.

"बाई," तो खाली न बघता म्हणाला, "तुमचं आडनाव काय?"

"ओयार्सून," झुनिल्दाबाई म्हणाल्या, आणि आतल्या माणसांना वाढायला गेल्या.